कंट्रोलचा तांदूळ, तेलाची पिशवी आणि पाच रुपयांचं पाकीट

गोंदिया जिल्ह्यात हप्त्याचा बाजार करताना घासाघीस होते ती भाजीवर, आणि चर्चा होते ती तांदळावर. सांभाराच्या जुडीचे दोन रुपये कमी करून घेणारी माणसं तेलाच्या पिशवीवर काय छापलंय ते न वाचता ती थैलीत टाकतात. बिल कमी करायचं तर आधी पैसा कुठून जातो हे पाहायला हवं, आणि तिथेच आपले अंदाज चुकतात.

केंद्र सरकारच्या 2023-24 च्या कौटुंबिक खर्च पाहणीतले ग्रामीण भारताचे आकडे पाहा. घरातल्या शंभर रुपयांतले सुमारे 47 रुपये खाण्यापिण्यावर जातात. त्या 47 मध्ये धान्याचे जेमतेम 5 रुपये आणि भाजीपाल्याचे 6. चहा-थंड पेयं, बिस्किटं, फरसाण, तयार खाणं यांचे मात्र जवळपास 10. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर आपण जीव काढतो, त्यांच्या बेरजेच्या जवळपास जाणारा खर्च ज्याला आपण खर्चच समजत नाही त्यावर होतो. गोंदियासारख्या धानाच्या मुलखात, जिथे अनेक घरी तांदूळ शेतातून किंवा कंट्रोलमधून येतो, तिथे तर हे आधी ध्यानात घ्यायला हवं.

“कंट्रोलच्या तांदळात प्लास्टिक मिसळतात”

हा समज घरोघरी आहे आणि तो महागात पडतो. तांदूळ धुताना काही दाणे वर तरंगतात, थोडे पिवळसर दिसतात, हाताला वेगळे लागतात. मग ते निवडून फेकले जातात, नाहीतर सगळाच तांदूळ कोंबड्यांपुढे जातो.

ते दाणे तांदळाचेच असतात. तांदळाचं पीठ करून त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि जीवनसत्त्व बी-12 मिसळतात, आणि यंत्रातून दाबून पुन्हा दाण्याचा आकार देतात. असे दाणे साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळले जातात. 15 ऑगस्ट 2021 ला लाल किल्ल्यावरून या पोषणयुक्त तांदळाची घोषणा झाली, आणि पुढे टप्प्याटप्प्याने तो रेशन दुकानांपर्यंत आला. दाबून बनवलेला दाणा नैसर्गिक दाण्याइतका घट्ट नसतो म्हणून तो तरंगतो. तो शिजतो, मऊ होतो, बोटांनी चुरडला जातो; प्लास्टिक असं शिजत नाही. साधा हिशेबही करून पाहा: प्लास्टिकचा कच्चा माल किलोला तांदळापेक्षा महाग पडतो. महागाची भेसळ स्वस्तात कोण करेल?

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत, म्हणून एक शंका रास्त आहे. लोह घातलेल्या अन्नाच्या पाकिटावर सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी इशारा छापायचा नियम होता. तज्ज्ञांच्या समितीने तपासणी करून तो अनावश्यक ठरवला, आणि हा तांदूळ या रुग्णांसाठीही सुरक्षित असल्याचं 2024 मध्ये केंद्राने सांगितलं. तरीही ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.

तांदूळ दोन-तीन पाण्यांत चोळून धुतला आणि भात शिजल्यावर पाणी ओतून दिलं, तर जीवनसत्त्वांचा काही भाग त्याबरोबर जातो. भात पसवायची सवय असेल तर पेज फेकू नये. ती प्यावी, नाहीतर वरणात घालावी.

“कंट्रोलचा तांदूळ विकून बारीक तांदूळ घेतला की झालं”

गावात फिरून हा तांदूळ गोळा करणारे असतात, आणि हातात रोख पैसे पडले की सौदा बरा वाटतो. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरामागे 35 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. पाच माणसांचं घर धरा: 25 किलो. समजा त्यातला तांदूळ 20 रुपयांनी विकला आणि त्याऐवजी 40 रुपयांचा घेतला, तर 25 किलोमागे 500 रुपये महिन्याला गेले. वर्षाचे सहा हजार. बदल्यात पोषण वाढलं का? नाही. बारीक, पांढराशुभ्र तांदूळ जास्त पॉलिशचा असतो, आणि पॉलिशमध्ये वरचा थर कोंड्यात जातो. शिवाय रेशनच्या धान्याची अशी खरेदी-विक्री कायद्याने गुन्हा आहे.

एचएमटीचा मऊ भात कुणाला आवडत नाही? शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेलं हे वाण विदर्भाच्या ताटात मानाने बसलं आहे. सणाला, पाहुण्यांना तो अवश्य करावा. रोजच्या भातासाठी कंट्रोलचा तांदूळ, आणि विकत घ्यायचा तो मोजका, असं केलं तर दोन्ही साधतं.

“घरचा तांदूळ तर फुकटच असतो”

धान पिकवणाऱ्या घरांतला हा सगळ्यात जुना समज. 2025-26 साठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला 2,369 रुपये आहे. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानाचा 67 किलो तांदूळ धरतात. भागाकार केला तर, भरडाईची मजुरी न धरताही, घरचा तांदूळ किलोला 35 रुपयांच्या वर पडतो. तो विकला असता तर तेवढे पैसे हातात आले असते. फुकट समजल्यामुळे तो मोजला जात नाही, भात उरतो, शिळा होतो, गुरांना जातो. दिवसाला पाव किलो तांदळाचा भात असा वाया गेला, तर महिन्याला साडेसात किलो, म्हणजे अडीचशेहून जास्त रुपये. ज्या घरात भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी वाद होतो, तिथे हे कुणी मोजत नाही याचं मला वाईट वाटतं. मापासाठी एक ठरलेली वाटी ठेवली तरी फरक पडतो. कणी वेगळी काढून तिच्या पिठाची भाकर केली, तर तोही तांदूळच कामी आला.

“जुना तांदूळ पुरवठ्याला येतो” हेही नेहमी ऐकू येतं, आणि त्यात तथ्य आहे. जुना तांदूळ जास्त पाणी पितो, फुलतो, मोकळा होतो, भांडं भरतं. पण वाढलेला भाग पाण्याचा असतो. दाण्यातली ताकद तेवढीच. नव्यापेक्षा फार जास्त भाव देऊन जुना घेण्यात खाण्याची हौस आहे, काटकसर नाही.

“पॅकबंद घेतलं की स्वस्त आणि खात्रीचं”

18 जुलै 2022 पासून पॅक करून लेबल लावलेल्या तांदूळ, डाळ, पिठावर 25 किलोपर्यंतच्या पाकिटांना 5 टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या धान्याला तो लागत नाही. म्हणूनच 26 किलोचे कट्टे बाजारात दिसू लागले. राईस मिलच्या गावात राहून एक-एक किलोची पाकिटं घेणं म्हणजे त्या पिशवीचे, छपाईचे आणि कराचे पैसे देणं. उलट, मोठा कट्टा नेहमी फायद्याचाच असंही नाही. पावसाळ्यात सोंडे लागले आणि चार-पाच किलो चाळून टाकावा लागला, तर वाचलेलं सगळं गेलं. दीड महिन्यात संपेल एवढाच घ्यावा, आणि कोरड्या, झाकणाच्या कोठीत ठेवावा.

तेलाची गोष्ट वेगळी. सुटं तेल विकायला कायद्याने मनाई आहे, आणि भेसळीचा धोका पाहता ती योग्यच आहे. तिथे पॅकबंदच घ्यावं, पण वाचून. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. पूर्वी तेल, चहा, बिस्किटं, पीठ अशा वस्तूंची वजनं ठरवून दिलेली असत. ती अट आता राहिलेली नाही. त्यामुळे दिसायला सारख्याच दोन पिशव्यांत 910 ग्रॅमही असू शकतं आणि 850 ग्रॅमही. समजा पहिली 150 रुपयांची आणि दुसरी 145 ची. दुसरी स्वस्त वाटते. पण किलोवर आणलं तर पहिली सुमारे 165 आणि दुसरी जवळपास 171 रुपये पडते. हा भागाकार दुकानात उभं राहून करायची गरज नाही: पाकिटावर एमआरपीजवळ ग्रॅमचा, किलोचा किंवा लिटरचा दर छापणं आता बंधनकारक आहे. बारीक अक्षरातला तो आकडा वाचायची सवय लागली, तर ती कुठल्याही घासाघिशीपेक्षा जास्त पैसे वाचवेल. आणि एमआरपी ही कमाल किंमत आहे. त्याहून कमी भावात द्यायला दुकानदाराला कुठलाही नियम आडवा येत नाही.

तेल महागलं की गावच्या किराणावाल्यावर राग निघतो. पण भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेलं; 2025 च्या मेअखेर ते साडेसोळावर आलं. हे दिल्लीत ठरतं. आपल्या हातात आहे ते किती वापरायचं हे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेत 2,000 कॅलरी घेणाऱ्या माणसाला दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप पुरेसं धरलं आहे. चार माणसांना हप्त्याला पाऊण किलो. आपल्या घरी किती लागतं ते एकदा बाटलीवर खूण करून बघाच.

“लाखोळी स्वस्त आहे, रोज खाल्ली तर काय?”

धान निघाल्यावर त्याच ओलाव्यावर बांधीत लाखोळी येते, आणि बांधावर तूर. लाखोळीबद्दल दोन टोकाचे समज आहेत. एक म्हणतो ते विष आहे, दुसरा म्हणतो आजोबांनी आयुष्यभर खाल्ली. तिच्यात एक घटक असतो, ज्यामुळे पाय लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो. तो आजार दिसला तो दुष्काळात, महिनोन्‌महिने लाखोळीच मुख्य अन्न झालेल्या माणसांत. 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. ती उठावी म्हणून नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी अनेक वर्षं लढले. पुढे रतन, प्रतीक, महातिवडा अशी तो घटक कमी असलेली वाणं निघाली. घरची लाखोळी खाताना ती गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकावं, आणि तूर, चणा, मूग यांच्या जोडीला कधीमधी करावी. बिल कमी करण्यासाठी इतर सगळ्या डाळी बंद करून हीच चालवणं मात्र चूक. फार स्वस्त मिळणाऱ्या सुट्या बेसनापासूनही जपावं, कारण त्यात लाखोळी मिसळली जाते.

“संध्याकाळी बाजार उठताना भाजी स्वस्त मिळते”

मिळते. वांगी, कोहळं, आलू, भेदरे घ्यायचे असतील तर ती वेळ चांगली. पालेभाजीचं तसं नाही: दिवसभर उन्हात बसलेली जुडी घरी निवडताना निम्मी जाते. पावसाळ्यात तरोटा, वास्ते, हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा जवळच्या गावांतून येतात, त्यांना ना वाहतूक लागते ना बर्फ. जे त्या हप्त्यात ढिगाने आलंय तेच घ्यावं. पावसाळ्यात फ्लॉवरच हवा म्हटलं की त्याचा भाडेखर्चही आपणच देतो.

पाच रुपयांचं पाकीट

याबद्दल कुणी गैरसमजसुद्धा करून घेत नाही, इतकं ते नजरेआड आहे. वेफर्सच्या पाच रुपयांच्या पाकिटात 12 ग्रॅम माल असेल, तर भाव किलोला 400 रुपयांच्या वर जातो. दोन मुलांना रोज एकेक दिलं तर महिन्याला 300 रुपये, आणि हातात 720 ग्रॅम तळलेले आलू. मुरमुरे, फुटाणे, भाजलेल्या शेंगदाण्यांचा किलोचा भाव त्याच दुकानात विचारून बघा. ज्या जिल्ह्यात धान पिकतं, तिथल्या पोरांच्या खिशात मुरमुरे नसावेत हे मला पटत नाही.

“कार्ड गावचं आहे, इथे धान्य मिळणार नाही”

नागपूर, हैदराबादकडे कामाला गेलेल्या कुटुंबांत हा समज आहे, आणि महिनोन्‌महिने हक्काचं धान्य सोडून ते दुकानातून तांदूळ विकत घेतात. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत आधार जोडलेलं असेल, तर देशात कुठल्याही रेशन दुकानावर अंगठा लावून धान्य घेता येतं. नवरा-बायको हैदराबादला आणि सासू-सासरे देवरीला, असं असेल तर थोडं धान्य तिकडे आणि उरलेलं इकडे, असंही उचलता येतं. नवीन कार्ड लागत नाही, गावचं नाव कापलं जात नाही. अंगठा लावल्यावर यंत्रातून पावती निघते; ती मागून घ्यावी आणि तिच्यावरचे किलो थैलीतल्या किलोंशी जुळतात का ते तिथेच पाहावं.