बांबूचा ऑर्गन निघाला जर्मनीला!

बांबूची बासरी तुम्ही पाहिलीच असेल. पण ९०२ बांबूच्या नळ्या एकाच वाद्यात बसवल्या तर? असं वाद्य खरोखरच आहे, बरं का! फिलिपिन्स देशात, मनिलाजवळच्या लास पिन्यास इथल्या सेंट जोसेफ चर्चमध्ये ते आहे. त्याचं नाव बांबू ऑर्गन.

आपल्या पेटीसारखाच पाइप ऑर्गनलाही भाता असतो, बोटांनी दाबायच्या पट्ट्या असतात. पण पेटीत हवेनं पितळी पत्ती थरथरते, तर इथे हवा नळीत शिरून सूर उमटतो. नळी लांब, तर सूर खर्जातला. आखूड, तर सूर उंच. शिवाय एकाच सुराच्या वेगवेगळ्या आवाजांसाठी वेगवेगळ्या नळ्या! मग संख्या वाढणारच.

एरवी या नळ्या धातूच्या किंवा लाकडाच्या असतात. पण दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूंनी विचार केला, इथे बांबू भरपूर आहे, तोच का वापरू नये? १८१६ मध्ये त्यांनी काम सुरू केलं. बांबूला कीड लागू नये म्हणून ते कितीतरी महिने वाळूत पुरून ठेवले. कर्ण्यासारखा खणखणीत आवाज मात्र बांबूतून निघेना, म्हणून १२९ नळ्या धातूच्या केल्या. १८२४ मध्ये १०३१ नळ्यांचा ऑर्गन पूर्ण झाला.

पुढे भूकंप आणि वादळांनी चर्चची पडझड झाली. ऑर्गनही मोडला. मधूनमधून डागडुजी झाली, पण पूर्वीचा सूर काही परत आला नाही.

अखेर १९७३ मध्ये तो सुटा करून जर्मनीतल्या बॉन शहरी, क्लाइस या नामवंत कारखान्यात पाठवला. आता खरी पंचाईत! दमट हवेत मुरलेला बांबू थंड, कोरड्या हवेत तडकला तर? दीडशे वर्षांचा ठेवा हातचा जायचा! यावर कारागिरांनी काय केलं असेल? चक्क फिलिपिन्ससारखी उष्ण, दमट हवा असलेली खोली तयार केली आणि बांबू तिथे जपला!

इकडे तोवर चर्चचीही दुरुस्ती झाली. १९७५ मध्ये ऑर्गन घरी परतला, तेव्हा त्याच्या स्वागताला लोक रस्त्यावर आले होते. मग तो पुन्हा जोडला, सुरात लावला आणि मे महिन्यात त्याची पहिली मैफल रंगली. पुढच्याच वर्षापासून इथे आंतरराष्ट्रीय बांबू ऑर्गन महोत्सव भरू लागला.

पण गावकरी तेवढ्यावर थांबले नाहीत. इथले काही तरुण युरोपात जाऊन ही विद्या शिकून आले. १९९४ मध्ये लास पिन्यासमध्येच ऑर्गन बांधणारी कार्यशाळा सुरू झाली. तिला नाव दिलं दिएगो सेरांचंच! २००३ मध्ये देशानं या ऑर्गनला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून गौरवलं.

आता ऑर्गन बिघडला, तर त्याला सातासमुद्रापार जायला नको. त्याचे वैद्य गावातच आहेत!