बर्फावरचे घर

जोंधळा राखायला आपण शेतात माळा उभारतो. चार मेढी, वर फळ्या. खालून वारा मोकळा. हीच युक्ती पार दक्षिण ध्रुवाकडे, अंटार्क्टिका खंडावर कामी आली!

१९८१ साली आपली पहिली मोहीम गोव्याहून जहाजाने तिकडे निघाली. पुढे १९८३-८४ साली आपल्या माणसांनी तिथे ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे बांधले. पण कुठे? समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फावर! वाऱ्याने उडालेला बर्फ भिंतींशी साचत गेला. घर गाडले जाऊ लागले. १९९० साली ते सोडावे लागले.

तोवर खडकाळ जागा पाहून ‘मैत्री’ ठाणे उभे केले होते, तेही लोखंडी खांबांवर. उडता बर्फ खालून निघून जातो. आपली माणसे तिथे आजही राहतात.