अपघात दुसऱ्याच्या चुकीने, बिल मात्र आपल्या हाती

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझा भाचा दुकान बंद करून जुन्या मोंढ्यातून सिडकोकडे घरी निघाला होता. जालना रोडवर सिग्नल तोडून आलेली एक मोटार त्याच्या मोटारीच्या दारावर आदळली. त्याच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि रुग्णालयाचे बिल ३ लाख ४० हजार रुपये आले. मेडिक्लेममधून २ लाख ९५ हजार मंजूर झाले. घरातील सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ताई मला म्हणाली, “दादा, पैसे मिळाले, जीव वाचला, आता कोर्टकचेरी नको.”

आपल्या बहुतेक व्यापारी कुटुंबांत हेच घडते. परंतु जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाने थोडे थांबून हिशेब मांडावा. फिजिओथेरपी, घरी ठेवलेला मदतनीस, रिक्षाभाडे, चार महिने अर्धवट चाललेले दुकान आणि पुढे सळई काढण्याची दुसरी शस्त्रक्रिया, यांपैकी मेडिक्लेममध्ये काय आले? फारच थोडे. हा भार चूक करणाऱ्या वाहनाच्या विमा कंपनीने उचलावा, यासाठीच तर मोटार वाहन कायदा, १९८८ ने तृतीय पक्ष विमा सक्तीचा केला आहे.

पाचव्या महिन्यात मी कागदपत्रे हाती घेतली आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज दाखल झाला. १ एप्रिल २०२२ पासून असा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा, अशी तरतूद लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तथापि शहाण्याने सहा महिन्यांचीच मुदत धरून चालावे. अपघात समृद्धी महामार्गावर, दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी आपण जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तेथील न्यायाधिकरणात दावा करता येतो.

सुनावणीत समोरच्या विमा कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली की, मेडिक्लेमचे २ लाख ९५ हजार भरपाईतून वजा करावेत. एकाच खर्चाचे पैसे दोनदा कसे? प्रामाणिकपणे सांगतो, क्षणभर मलाही ते पटले. घेतलेले पुन्हा घेणे आपल्या संस्कारात बसत नाही.

याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांत मतभेद होते. अखेर न्या. अतुल चांदूरकर, न्या. मिलिंद जाधव आणि न्या. गौरी गोडसे यांच्या पूर्णपीठाने २८ मार्च २०२५ रोजी निर्णय दिला की, मेडिक्लेमची रक्कम वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून वजा करता येणार नाही. मेडिक्लेम हा आपण हप्ता भरून केलेला करार आहे. भरपाई हा कायद्याने दिलेला हक्क आहे. आपल्या दूरदृष्टीचा लाभ चूक करणाऱ्याच्या विमा कंपनीला का मिळावा? १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याच्या रकमेबाबत असाच विचार मांडला होता. हे वाचल्यावर माझ्या मनातील शंका फिटली. लपवाछपवी मात्र नको. मेडिक्लेम मिळाला हे न्यायाधिकरणापुढे स्पष्ट सांगावे.

आमच्याकडून दोन चुका झाल्या, त्या वाचकांनी टाळाव्यात. पहिली म्हणजे औषधांच्या आणि फिजिओथेरपीच्या लहान पावत्या आम्ही फेकून दिल्या. मूळ बिले मेडिक्लेमकडे जातात, म्हणून देण्यापूर्वीच रुग्णालयाकडून साक्षांकित प्रती घ्याव्यात आणि विमा कंपनीचे मंजुरीपत्र सोबत जपावे. पैसे शक्यतो चेक, कार्ड वा यूपीआयने भरावेत. दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारणे रुग्णालयाला प्राप्तिकर कायद्याने निषिद्ध आहेच. शिवाय बँकेची नोंद हा पुरावा ठरतो.

दुसरी चूक अधिक बोचणारी आहे. बुडालेल्या उत्पन्नाचा आधार म्हणून प्राप्तिकर विवरणपत्रे मागितली गेली. भाच्याने अनेक वर्षे उत्पन्न कमी दाखवले होते. दुकानाची खरी उलाढाल सारा मोंढा जाणतो, पण न्यायाधिकरण कागद पाहते. करात वाचवलेले पैसे असे परत जातात.

अपघात घडताच ११२ वर कळवून पोलिसांत नोंद करावी. वाहनाचा क्रमांक आणि विम्याचा तपशील पोलिसांच्या अहवालातूनच मिळतो. जागेवर पाच-दहा हजार घेऊन ‘मिटवून टाकू’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. आतला मार तिसऱ्या दिवशी कळतो. केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी अधिसूचित केलेल्या योजनेनुसार नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. रुग्णालयात दाखल करतानाच याची विचारणा करावी. धडक देऊन वाहन पळून गेले व सापडले नाही, तरी गंभीर जखमीस ५० हजार आणि मृताच्या वारसांस २ लाख रुपये मिळण्याची वेगळी तरतूद आहे.

भाच्याचा दावा अद्याप चालू आहे. तो आता काठीशिवाय दुकानात उभा राहतो. गल्ल्याशेजारी त्याने एक फाइल ठेवली आहे. औषधाची चाळीस रुपयांची पावतीही तो त्यात लावतो. आणि यंदाचे विवरणपत्र त्याने खऱ्या आकड्यांनी भरले आहे.