सफोकच्या शेतशिवारातला हिरवा कौल

4 मे 2023 रोजी इंग्लंडमध्ये 230 कौन्सिलांसाठी मतदान झाले. हुजूर पक्षाने हजाराहून जास्त जागा गमावल्या आणि दुसऱ्या दिवशीचे बहुतेक मथळे त्याच बातमीने भरले. माझ्या मते त्या निवडणुकीतला सर्वात बोलका निकाल लंडनच्या ईशान्येला, सफोक कौंटीतल्या मिड सफोक या ग्रामीण डिस्ट्रिक्टमध्ये लागला. तिथे 34 पैकी 24 जागा ग्रीन पक्षाला मिळाल्या. हुजूर पक्ष 6 वर आला, लिबरल डेमोक्रॅटना 4 मिळाल्या आणि मजूर पक्षाला एकही नाही. ब्रिटनमधले एखादे कौन्सिल ग्रीन पक्षाने स्वबळावर जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

हे काही विद्यापीठाचे शहर नाही. स्टोमार्केट, नीडम मार्केट आणि आय ही तीन छोटी गावे, बाकी सारी शेती, वाड्यावस्त्या आणि जुनी चर्चे. वस्ती सुमारे 1 लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याएवढी. अशा भागात हुजूर पक्षाची मुळे पिढ्यान् पिढ्यांची असतात.

इथल्या कारभाराची विभागणी समजल्याशिवाय या निकालाचे मोल कळत नाही. सफोकमध्ये 1974 पासून दोन पातळ्यांची व्यवस्था आहे. शाळा, रस्ते, वृद्ध आणि अपंगांची देखभाल, अग्निशमन ही कामे कौंटी कौन्सिलकडे. डिस्ट्रिक्टकडे कचरा उचलणे, बांधकाम परवानग्या, घरकुले, बेघरांची सोय, उपाहारगृहांची आरोग्य तपासणी. घरपट्टीसारखा ‘कौन्सिल टॅक्स’ गोळा करायचा डिस्ट्रिक्टनेच, पण त्यातला मोठा वाटा जातो कौंटीकडे, काही पोलिसांकडे. डिस्ट्रिक्टच्या हाती थोडेच उरते. तरीही गावाबाहेरच्या शेतात दोनशे घरांची वसाहत होऊ द्यायची की नाही, हा प्रश्न आधी डिस्ट्रिक्टच्याच टेबलावर येतो, आणि खेड्यातल्या माणसाला याहून जिव्हाळ्याचा प्रश्न क्वचितच असतो.

निवडणूकही साधी असते. उमेदवाराला अनामत रक्कम भरावी लागत नाही. मतदान सकाळी 7 ते रात्री 10, शाळेत, चर्चमध्ये किंवा गावच्या सभागृहात. कागदी मतपत्रिका, पेन्सिल, आणि मतमोजणी हाताने. जास्त मते त्याची जागा, हा आपल्या ओळखीचाच नियम. काही प्रभागांतून दोन सदस्य निवडायचे असतात, तिथे मतदाराला दोन मते. 2023 साली नवे होते ते छायाचित्र असलेल्या ओळखपत्राचे बंधन. ज्येष्ठांचा बसपास चालत होता, तरुणांचे रेल्वे सवलतकार्ड मात्र नाही, यावरून बराच वाद झाला आणि मला तो रास्त वाटतो. ओळखपत्राअभावी केंद्रावरून परत फिरलेली माणसे मोठ्या आकडेवारीत नगण्य दिसतात, पण प्रभागातली लढत कधी कधी मूठभर मतांची असते.

यात आपल्या वाचकांशी थेट संबंध असलेली एक गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथे मतदानाचा हक्क आहे. पुण्याहून किंवा नाशिकहून नोकरीसाठी गेलेला, भारतीय पासपोर्ट बाळगणारा माणूस मतदार यादीत नाव नोंदवून मत देऊ शकतो, आणि केंद्रावर ओळख म्हणून तोच पासपोर्ट चालतो. ज्यांचे भाचे-पुतणे तिकडे आहेत त्यांनी हे त्यांना जरूर सांगावे.

आता मूळ प्रश्न: हुजूर गडात ग्रीन पक्ष जिंकला कसा? राष्ट्रीय कारणे होतीच. बोरिस जॉन्सन पंतप्रधान असताना कोविड टाळेबंदीत झालेल्या सरकारी मेजवान्यांचे प्रकरण, नंतरच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या अर्थसंकल्पी घोषणांनी उडालेला गोंधळ, महागाई. पण तोच राग इतरत्र मजूर पक्षाच्या किंवा लिबरल डेमोक्रॅटच्या पदरात पडला. मिड सफोकमध्ये तो ग्रीनकडे वळला, कारण तिथे त्यांची तयारी आधीपासून होती. 2019 च्या निवडणुकीतच त्यांना 12 जागा होत्या आणि 16 जागांचा हुजूर पक्ष बहुमताला मुकला होता. एका सदस्यामागे सुमारे तीन हजार माणसे असलेल्या या ठिकाणी पत्रके घरोघर टाकणे, दारे ठोठावणे, एखाद्याच्या तक्रारीचा पाठपुरावा करणे यातून ओळख होते आणि ओळखीतून मत मिळते. पर्यावरणाची मोठी भाषा इथे शेतातून वाहणाऱ्या ओढ्यापर्यंत, नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यापर्यंत खाली येते. निसर्ग जपण्याची ओढ ग्रामीण हुजूर मतदारालाही असते. ग्रीन कार्यकर्त्यांनी तिला साद घातली.

त्याच दिवशी ब्राइटनमध्ये उलटे घडले. ग्रीन पक्षाचे जुने ठाणे असलेल्या त्या शहरात सत्ता गेली, 54 पैकी अवघ्या 7 जागा उरल्या आणि मजूर पक्षाला 38 मिळाल्या. कारभार हाती असलेल्या पक्षाला कचऱ्यापासून कर्जापर्यंत सगळ्याचा जाब द्यावा लागतो, हे ब्राइटनने दाखवले. तेच ओझे आता मिड सफोकमध्ये अँडी मेलन यांच्या नेतृत्वाखालच्या कौन्सिलवर आले.

ते ओझे किती अवघड आहे हे विजेच्या मनोऱ्यांच्या वादात दिसते. उत्तर समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज दक्षिणेकडे नेण्यासाठी नॉर्विच ते टिलबरी अशी सुमारे 180 किलोमीटरची नवी वाहिनी नॅशनल ग्रिड या वीजवहन कंपनीने आखली आहे. तिच्या मनोऱ्यांची रांग सफोकच्या शेतांतून जाते. वारा हवा, वीज हवी, पण उंच मनोरे आपल्या शिवारातून नकोत, ही गावकऱ्यांची भावना ग्रीन नेत्यांना झिडकारता येत नाही. 2024 साली याच परिसराचा काही भाग असलेल्या वेव्हनी व्हॅली मतदारसंघातून एड्रियन रॅमसे ग्रीन खासदार झाले; त्यांनी पर्यायांचा विचार होईपर्यंत काम थांबवण्याची मागणी केली आणि टीकाही ओढवून घेतली. अंतिम निर्णय लंडनच्या सरकारचा. डिस्ट्रिक्ट फक्त आपले म्हणणे मांडू शकते. मला गावकऱ्यांचे म्हणणे पटते, आणि समुद्रातली वीज घराघरात पोहोचलीच पाहिजे हेही पटते.

डिसेंबर 2024 मध्ये ब्रिटिश सरकारने दोन पातळ्यांची व्यवस्था मोडून मोठी एकसंध कौन्सिले करण्याचा प्रस्ताव श्वेतपत्रिकेत मांडला. मे 2025 मध्ये व्हायची सफोक कौंटीची निवडणूक त्याच फेररचनेसाठी पुढे ढकलली गेली. कौंटीने सगळ्या सफोकसाठी एकच कौन्सिल सुचवले, डिस्ट्रिक्टांनी तीन. यातला कोणताही पर्याय घेतला तरी मिड सफोकचे वेगळे कौन्सिल मागे राहत नाही. खर्च वाचेल, कामाची दुहेरी रचना संपेल, हे सरकारचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण मोठ्या कौन्सिलात सदस्यामागची वस्ती वाढणार, आणि 24 जागा ज्या दारादारातल्या ओळखीवर जिंकल्या गेल्या तिला जागा कमी उरणार. मला वाटते, फेररचनेच्या हिशेबात हा तोटाही मांडला गेला पाहिजे.