आकडे कमी झाले, म्हणजे जिंकलो?

‘परकी फौज बंडखोरी मोडू शकते का?’ वादविवाद स्पर्धेत हा विषय आला, तर कुठली बाजू घ्याल? थांबा, आधी इराक बघा.

2003 मध्ये अमेरिकेनं तीन आठवड्यांत बगदाद घेतलं. खरं युद्ध पेटलं ते त्यानंतर. 2006 मध्ये तर शिया-सुन्नी एकमेकांच्या जिवावर उठले होते. 2007 मध्ये बुश यांनी जवळपास 30 हजार जादा सैनिक धाडले. जनरल पेट्रेयस यांनी त्यांना छावण्यांतून काढून वस्त्यांमध्ये नेलं. त्या वर्षी 900हून जास्त अमेरिकी सैनिक मेले. 2008 मध्ये साधारण 300. झालं की यशस्वी!

पण श्रेय एकट्या फौजेचं? अन्बारमधल्या सुन्नी टोळ्या 2006 मध्येच अल-कायदावर उलटल्या होत्या. पुढे अमेरिकेनं त्यांच्या माणसांना चक्क पगार सुरू केला. बगदादमधले कितीतरी मिश्र मोहल्ले तोवर एकाच पंथाचे झाले होते. मारायला शेजारीच उरला नाही, तर हिंसा कमी होणारच ना?

डिसेंबर 2011 मध्ये फौज परतली. जून 2014 मध्ये इसिसनं मोसुल घेतलं. अमेरिकेनं घडवलेलं इराकी सैन्य पळालं. एक बाजू म्हणते, फौज लवकर निघाली. दुसरी म्हणते, फौज असेपर्यंतच टिकतं ते यश कसलं?

जादा कुमक पाठवली होती ती शिया-सुन्नी नेत्यांना समझोत्यासाठी वेळ मिळावा म्हणून. वेळ मिळाला, समझोता झालाच नाही. तेव्हा माईक हातात आला, की आधी एवढंच विचारा : यश मोजायचं कशानं, आणि कधी?