सोळाव्या वर्षी रुग्णवाहिकेत
लेखमाला : तातडीची सेवा – लेखांक ६

अपघातानंतरचा पहिला तास रुग्णासाठी का मोलाचा असतो, ते मागच्या लेखांकात पाहिलं. त्या तासात दारात येऊन उभी राहणारी माणसं कोण असतात, हा आजचा विषय. त्यातही अशी काही, की ज्यांचं वय ऐकून आपल्याकडचे पालक दचकतील.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात, न्यूयॉर्कपासून रेल्वेने तासाभरावर, डेरियन नावाचं वीसेक हजार वस्तीचं गाव आहे. तिथे कुणाच्या छातीत कळ आली आणि घरच्यांनी ९११ फिरवला, तर येणाऱ्या रुग्णवाहिकेत गणवेश घातलेली शाळकरी मुलं-मुली असतात. स्काउट चळवळीच्या मोठ्या मुलांसाठीच्या शाखेतून १९७०च्या आसपास ही सेवा उभी राहिली. तिचं नाव ‘पोस्ट ५३’. रुग्णाकडून ती पैसे घेत नाही, खर्च देणग्यांवर चालतो. चौदा-पंधराव्या वर्षी मूल दाखल होतं आणि पडेल ते काम शिकत वर चढतं. सोळा पूर्ण झाल्यावर राज्याचं रीतसर ईएमटी (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ) प्रमाणपत्र मिळवता येतं. गाडीत प्रशिक्षित प्रौढ व्यक्ती बरोबर असतेच, पण रुग्णाची नाडी हातात घेणारा हात बऱ्याचदा अकरावी-बारावीतल्या मुलाचा असतो.

असं धाडस गावाने कसं केलं, हे समजायला त्या काळची अमेरिका पाहावी लागते. १९६६ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. देशातली जवळपास निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक चालवतात, असं त्यात नोंदवलं होतं. कारण साधं होतं : आडवा माणूस नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असे. उपचारांचं शिक्षण मात्र नसे. त्या अहवालानंतर प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम आखले गेले आणि गावोगावी सेवा नव्याने उभ्या राहू लागल्या. स्वयंसेवेची परंपरा त्याआधीचीच होती. व्हर्जिनियातल्या रोआनोक शहरात १९०९ साली ज्युलियन वाइज नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाने काठावर उभं राहून दोन माणसांना नदीत बुडताना पाहिलं. मदत करणं कुणालाच जमलं नाही. पुढे रेल्वेत नोकरी करताना, १९२८ साली, त्याने सहकाऱ्यांना घेऊन स्वयंसेवकांचं बचाव पथक काढलं. देशभरातल्या पथकांनी त्याचा कित्ता गिरवला.

आता मुद्द्याचं. अशा सेवेत काम केलेल्या मुलांपैकी बरीच पुढे डॉक्टर, नर्स, पॅरामेडिक होतात. सायरन आणि धावपळीचं आकर्षण हे त्याचं कारण नव्हे. ते आकर्षण पहिल्या काही पाळ्यांतच ओसरतं, कारण बहुतेक कॉल अगदी साधे असतात. रात्री न्हाणीघरात आजी पडल्यात, त्यांना उठता येत नाही. मधुमेहाच्या रुग्णाची साखर उतरली आहे. पाळीची सुरुवात तर त्याहून नीरस : ऑक्सिजनच्या सिलिंडरमधला दाब पाहायचा, सक्शन यंत्र चालतं का बघायचं, डीफिब्रिलेटरची बॅटरी तपासायची, प्रत्येक कप्प्यातली वस्तू यादीवर खूण करत मोजायची. कॉल संपला की स्ट्रेचर जंतुनाशकाने पुसायचं, नवी चादर घालायची, कागद भरायचे. हे दर आठवड्याला मन लावून करणाऱ्या मुलाला वैद्यकीय कामाचा खरा पोत कळलेला असतो.

आणि हातही तयार होतो. श्वास मोजताना रुग्णाला ते कळू द्यायचं नसतं, कारण आपला श्वास कुणी मोजतंय म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घेऊ लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट धरून ठेवायचं, डोळ्यांनी छातीचं वर-खाली होणं टिपायचं आणि घड्याळाकडे बघत आकडा लक्षात ठेवायचा. धावत्या गाडीत रक्तदाब घेताना टाचा जमिनीवरून किंचित उचलायच्या, म्हणजे गाडीची थरथर अंगातून स्टेथोस्कोपपर्यंत पोचत नाही. असल्या गोष्टी मागच्या तुकडीतली मुलं पुढच्या तुकडीला शिकवतात. जेमतेम दोन वर्षांनी मोठ्या ताईकडून शिकलेलं किती पक्कं बसतं, ते शिक्षकांना विचारा.

मला मात्र सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. रुग्णवाहिकेतला स्वयंसेवक रुग्णाच्या घरात जातो. रुग्णालयातल्या डॉक्टरला खाटेवरचा रुग्ण दिसतो. या मुलाला त्याचा जिना दिसतो, कठडा नसलेला. ओट्यावर एकत्र झालेल्या गोळ्या दिसतात, त्यातल्या निम्म्या मुदत संपलेल्या. नवऱ्याला काय होतंय हे सांगताना बायको कोणत्या प्रश्नावर अडखळते, ते दिसतं. आजार घरात कसा राहतो हे ज्याने सोळाव्या वर्षी पाहिलं, तो पुढे डॉक्टर झाल्यावर ‘घरी नीट काळजी घ्या’ एवढंच सांगून रुग्णाला पाठवणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

रुग्णालयाच्या दारातही त्याला एक धडा मिळतो. रुग्ण सोपवताना समोर उभी राहते ती आपत्कालीन विभागातली नर्स. काय झालं, कधीपासून, कोणती औषधं चालू आहेत, कशाची अॅलर्जी, शेवटचं खाणं कधी, हे ती दोन मिनिटांत काढून घेते. मागे क्ष-किरण तंत्रज्ञ असतो, प्रयोगशाळेतली माणसं असतात. आरोग्यसेवा म्हणजे एकटा डॉक्टर नव्हे, हे मुलाला आपोआप उमगतं. कित्येकांची निवड तिथेच बदलते. काहींना हे आपलं क्षेत्र नाही, असंही कळतं. कर्ज काढून, वर्षं घालवून कळण्यापेक्षा ते सोळाव्या वर्षी कळणं केव्हाही बरं.

यात धोका आहेच. मृत्यू फार लवकर समोर येतो. कॉलनंतर मुलांना घेऊन बसणारं, झोप लागते का विचारणारं मोठं माणूस नसेल, तर असा उपक्रम सुरूच करू नये. दुसरा धोका अर्ज सजवण्याचा. अमेरिकेत मेडिकलच्या प्रवेशासाठी रुग्णांसोबतचा अनुभव पाहतात, म्हणून केवळ नोंदीपुरते येणारेही असतात. पण पहाटे तीनला उठून कुणाची उलटी पुसायची वेळ आली की ते फार काळ टिकत नाहीत.

आपल्याकडे काय? नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, पण ते मिळवणाऱ्या मुलाने एकाही अनोळखी रुग्णाचा हात धरलेला नसला तरी चालतं. मुलाखत नाही, अनुभवाची अट नाही. सोळा वर्षांच्या मुलांना रुग्णवाहिकेत पाठवा असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणारी १०८ सेवा ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. तिची घडण निराळी आहे. मात्र तिच्या अलीकडे बरंच काही करता येतं. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास द्यायचे असतात. त्यातले काही तास प्रथमोपचार आणि सीपीआर शिकण्यात आणि नंतर वारीच्या वाटेवरच्या किंवा विसर्जनाच्या घाटावरच्या मदत केंद्रात, जाणत्यांच्या हाताखाली जावेत. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, हे कॉलेजातल्या कुठल्याही मुलाला एका दुपारी शिकवता येतं. पोलिसांच्या फेऱ्यात अडकण्याची भीती पालकांना असते. तिच्यावर कायद्यात उत्तर आहे : २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं १३४ अ हे कलम. अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला ते संरक्षण देतं आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

या कलमाचा वापर प्रत्यक्ष रस्त्यावर कसा करायचा आणि मदत करणाऱ्याने पोलिसांशी काय बोलायचं, ते पुढच्या लेखांकात.