हजार किलोमीटरांची लढाई

अ‍ॅटलास उघडून ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येचा समुद्र पाहा. न्यू ब्रिटन बेटाच्या टोकाला राबाउल हे बंदर सापडेल. तेथून आग्नेयेकडे सॉलोमन बेटांची रांग पसरली आहे. तिच्यातले एक बेट म्हणजे ग्वाडलकॅनाल. राबाउल ते ग्वाडलकॅनाल हे अंतर सरळ रेषेत सुमारे 1,040 किलोमीटर भरते. दुसऱ्या महायुद्धात या अंतराने जेवढी विमाने पाडली, तेवढी कदाचित तोफांनीही पाडली नसतील!

जुलै 1942 मध्ये जपान्यांनी ग्वाडलकॅनालवर धावपट्टी बांधायला घेतली. ती पुरी होण्याआधीच, 7 ऑगस्टला, अमेरिकन मरीन सैनिक बेटावर उतरले आणि दुसऱ्या दिवशी धावपट्टी त्यांच्या हाती आली. मिडवेच्या लढाईत जूनमध्ये मारला गेलेला वैमानिक लॉफ्टन हेंडरसन याचे नाव तिला देण्यात आले. 20 ऑगस्टला तेथे पहिली 31 विमाने उतरली : 19 वाइल्डकॅट लढाऊ विमाने आणि 12 डाँटलेस ही सूर मारून बॉम्ब टाकणारी विमाने. ज्याची धावपट्टी, त्याचा दिवसा भोवतालच्या समुद्रावर ताबा. जपानी जहाजांना म्हणून रात्रीच्या अंधारातच यावे लागे. धावपट्टी निकामी करण्यासाठी राबाउलहून जपानी विमाने वारंवार येऊ लागली.

आता थोडे गणित करू. बॉम्बफेकी विमानांचा वेग ताशी 300 किलोमीटर धरला, तर ग्वाडलकॅनाल गाठायला साडेतीन तास लागतात. परतायला तितकेच. अंधार पडण्यापूर्वी घरी पोचायचे, तर सकाळी निघून दुपारच्या सुमारास हल्ला करणे भाग होते. म्हणजे हल्ल्याची वेळ शत्रूला जवळजवळ आधीच ठाऊक!

सोबतची झिरो लढाऊ विमाने अतिशय हलकी आणि चपळ होती. जादा टाकी लावली की ती हे अंतर जाऊन परत येऊ शकत. पण प्रत्यक्ष झुंजीसाठी थोड्याच मिनिटांचे इंधन उरे. नव्या बनावटीच्या काही झिरोंत टाकी लहान होती. ती राबाउलहून ग्वाडलकॅनालपर्यंत येऊच शकत नव्हती.

बचाव करणाऱ्यांचे गणित वेगळे होते. जपानी विमाने आठ हजार मीटरच्या आसपास उंचीवरून येत. तेवढे वर चढायला वाइल्डकॅटला 35 ते 40 मिनिटे लागत. तेवढ्या वेळात बॉम्बफेकी विमाने 200 किलोमीटर कापतात. सप्टेंबरमध्ये बेटावर रडार सुरू झाले, पण त्याची नजरही फार तर तेवढ्याच टप्प्यापर्यंत पोचे. विमाने रडारवर दिसल्यावर उड्डाण करायचे, तर वर पोचेपर्यंत बॉम्ब पडू लागत.

ही उणीव माणसांनी भरून काढली. बुगनव्हिल बेटाच्या दोन टोकांना, जपान्यांच्या ताब्यातील जंगलात, पॉल मेसन आणि जॅक रीड हे दोन टेहळे लपून राहिले होते. मेसनच्या डोक्यावरून गेलेल्या विमानांना अजून साडेपाचशे किलोमीटर जायचे असे. त्याचा बिनतारी संदेश मिळाला की पाऊणेदोन तास हाती येत. ते यंत्र मात्र खिशात मावणारे नव्हते! बॅटऱ्या, त्या भारित करणारे इंजिन, इंजिनाचे पेट्रोल, असा सारा पसारा वाहायला बारा ते सोळा माणसे लागत. हे ओझे वाहिले ते स्थानिक बेटवासीयांनी. पकडले गेल्यास शिक्षा मृत्यूचीच होती. युद्धाच्या इतिहासात त्यांची नावे क्वचितच येतात, ही मला मोठी उणीव वाटते. टेहळ्यांच्या या संघटनेचे सांकेतिक नाव ‘फर्डिनांड’ होते. लढण्याऐवजी फुलांचा वास घेत बसणाऱ्या, मुलांच्या गोष्टीतील एका बैलाचे ते नाव. बसून पाहा, लढू नका, हाच टेहळ्यांना आदेश होता.

‘झिरो चांगले की वाइल्डकॅट?’ असा प्रश्न विमानप्रेमी विद्यार्थी नेहमी विचारतात. प्रश्नच अर्धवट आहे. वळण्यात आणि चढण्यात झिरो सरस होते. परंतु तो हलकेपणा चिलखत आणि सुरक्षित टाक्या वगळून मिळवलेला होता. वाइल्डकॅटच्या टाकीच्या आवरणात कच्च्या रबराचा थर असे. गोळीने भोक पडताच पेट्रोलच्या स्पर्शाने ते रबर फुगे आणि भोक बुजवी. झिरोत ही सोय नव्हती. एखादी ठिणगीही तिथे पुरे होई. वेळेवर उंची गाठलेले वाइल्डकॅट वरून सूर मारीत, एकदाच गोळ्या झाडून खाली निसटत. झिरोशी गिरक्या घेण्याच्या फंदात ते पडत नसत.

शिवाय, आपल्या धावपट्टीजवळ हवाई छत्रीने उतरलेला अमेरिकन वैमानिक बहुधा पुन्हा उडे. जखमी जपानी वैमानिकासमोर मात्र हजार किलोमीटर पाणी असे. साबुरो साकाई हा नामांकित वैमानिक 7 ऑगस्टला डोक्याला जखम होऊन, उजव्या डोळ्याने दिसेनासे झालेले असतानाही, पावणेपाच तास उडून राबाउलला पोचला. बहुतेकांच्या नशिबी हे नव्हते.

धावपट्टी अनेकदा बंद पडण्याच्या बेतात आली. 13 ऑक्टोबरच्या रात्री दोन जपानी युद्धनौकांनी नऊशेहून अधिक प्रचंड तोफगोळे तिच्यावर टाकले. बहुतेक पेट्रोल जळाले, निम्म्याहून अधिक विमाने निकामी झाली. मोडक्या विमानांच्या टाक्या उपसून उरलेल्यांना पेट्रोल पुरवण्यात आले. त्याच महिन्यात जपान्यांनी बुगनव्हिलच्या दक्षिणेला बुइन येथे नवी धावपट्टी सुरू केली. अंतर जवळपास निम्मे झाले, पण तोवर अनेक कसलेले वैमानिक हरपले होते. 14 नोव्हेंबरला कुमक आणणाऱ्या अकरा जपानी वाहतूक जहाजांपैकी सात, विमानांनी दिवसाउजेडी बुडवली किंवा निकामी केली. बेटावरचे जपानी सैनिक उपासमारीने आणि हिवतापाने मरू लागले. फेब्रुवारी 1943 च्या पहिल्या आठवड्यात उरलेल्यांना रात्रीच्या अंधारात हलवण्यात आले. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी सहाशेहून अधिक विमाने गमावली होती.

सॉलोमन बेटे 1978 मध्ये स्वतंत्र झाली. राजधानी होनिआराचा विमानतळ त्याच धावपट्टीच्या जागी आहे. आसपासच्या जमिनीत त्या काळचे न फुटलेले बॉम्ब अजूनही सापडतात.